जगदाळे मॅडमचं शंटिंग

पहिल्याच दिवशी जगदाळे मॅडमनी लाथ मारली. मला नाही हां, माझ्या खुर्चीला. पण खुर्चीत मी होते आणि खुर्चीला चाकं होती, त्यामुळे मी उलटी घरंगळत गेले आणि मागच्या प्लॉटरवर, म्हणजे ते चादरीएवढे नकाशे छापणारं मशीन असतं ना, त्याच्यावर जाऊन धडकले. तोपर्यंत मॅडम दुसरी खुर्ची ओढून माझ्या जागेवर बसल्यासुद्धा होत्या. माझा माउस त्यांच्या हातात, माझी रेषा पुसलेली, नवी सुरू.

शेजारचा पराग स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "वेलकम. याला शंटिंग म्हणतात."

मला मॅडमबद्दल कधीपासून लिहायचंय, आणि लिहायला बसलं की बोटं इतकी पळतात की आधी काय, नंतर काय, सगळं एकात एक होतं. तर आधी कंपनी सांगते.

कर्वेनगरमधला एक बंगला. वर मालक अभ्यंकर सर राहायचे, खाली आम्ही. गॅरेजमध्ये सर्व्हर, स्वयंपाकघरात स्कॅनर. काम काय, तर जुने नकाशे स्कॅन करून त्यांच्यावरच्या रेषा कंप्युटरवर गिरवायच्या. मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, सगळ्यांना हिंजवडीला जायचं होतं, आणि ज्यांना अजून कोणी घेतलं नव्हतं ते सगळे इथे. आम्ही कंपनीला वेटिंग रूमच म्हणायचो. मी यवतमाळहून आलेली, जवळच कॉट बेसिसवर राहायचे.

तेव्हाचं मोठं प्रोजेक्ट होतं पुण्याच्या पूर्वेकडचा रेल्वेच्या कडेचा जुना कारखान्यांचा भाग. गोदामं, तेलाच्या गिरण्या, रंगाचे कारखाने, आणि प्रत्येकाच्या दारात मेन लाइनीतून फुटून गेलेला आपापला रूळ. त्याला साइडिंग म्हणतात. इंग्रजांच्या काळापासूनचे नकाशे होते, काही कागदावर, काही त्या मेणचट निळसर कापडावर. कारखाने बंद पडत होते, जमिनी विकल्या जात होत्या, तिथे आयटी पार्क येणार होते. म्हणून एका बिल्डरच्या सल्लागारांना सगळे जुने नकाशे एकावर एक बसवून एकच स्वच्छ नकाशा हवा होता. गंमत म्हणजे रेल्वेच्या जुन्या नकाशात रूळ नेहमी आडवा काढलेला असतो, म्हणजे कागद पुरतो. उत्तर दिशा कुठेही फेकलेली. आपली स्वतःची गल्ली समोर आली तरी ओळखू येणार नाही.

आणि या सगळ्यावर मॅडम. शोभा जगदाळे, क्वालिटी चेक. ठेंगण्या, रुंद खांद्याच्या, घट्ट वेणी, डाव्या भुवईतून आरपार गेलेला व्रण. पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, जसे काही लाथेसाठीच घेतलेले. खांद्याच्या पर्समधून स्टीलची पट्टी तलवारीसारखी बाहेर आलेली असायची. ती मोजायला वापरताना मी त्यांना फार कमी पाहिलं.

चूक सापडली की त्या मागे येऊन उभ्या राहायच्या. आपण म्हणायचं, "सॉरी मॅडम."

"सॉरी नको. हात दे."

आणि पेरांवर पट्टी. सपाट बाजूने, पण लागायची. आम्ही सगळे ग्रॅज्युएट, पराग तर इंजिनियर, आणि चौथीतल्या पोरांसारखे हात पुढे करायचो! आज आमच्या एचआरला हे सांगितलं तर तिला फिट येईल. पण खरं सांगू, कोणीच तक्रार केली नाही. एकतर भीती वाटायची. दुसरं म्हणजे त्या म्हणायच्या, "माझी चूक दाखवा, मी पण हात पुढे करीन. कायदा सगळ्यांना एक." फक्त त्यांची चूक कधी कोणाला सापडली नव्हती.

एकदा मी घाबरून म्हणाले, "मॅडम, मी करून राहिली ना."

"करून राहिलीस ते दिसतंय. करून झालं कधी ते सांग, म्हणजे सुट्टी टाकून बघायला येते."

त्यांचे नियम दोनच होते. पहिला, "जागा बघू नका, रेषा बघा." म्हणजे हे गोदाम कोणाचं, तो बंगला कोणाचा, विहीर अजून आहे का, असल्या गप्पा मारायच्या नाहीत. दुसरा, फट ठेवायची नाही. दोन प्लॉटच्या रेषा एकमेकींना चिकटल्याच पाहिजेत. मध्ये केसाएवढी जागा राहिली तरी कंप्युटरला तिथे तिसरा प्लॉट दिसतो आणि पुढे सगळा हिशोब बोंबलतो. "नकाशात फट ठेवायची म्हणजे घराला दार नाही लावायचं," मॅडम म्हणायच्या. "कोणीबी आत शिरतंय." एरवी त्या आपल्यासारखंच बोलायच्या. तापल्या की मात्र 'आहे'चं 'हाय' व्हायचं, आणि ते ऐकू आलं की सगळं ऑफिस खुर्च्यांचे हात घट्ट धरायचं.

त्यांच्या मारामाऱ्यांतली सगळ्यात फेमस म्हणजे ड्रॉवरची. सल्लागारांकडून समीर नावाचा एक जण दर आठवड्याला यायचा, प्रोग्रेस बघायला. तो मुलींच्याच खुर्च्यांमागे उभा राहायचा. आधी हात खुर्चीच्या पाठीवर, मग खांद्यावर. अश्विनी नावाची आमची मैत्रीण पार आखडून जायची. त्या दिवशी मॅडम कापडी नकाशे मोठ्या लाकडी कपाटात ठेवत होत्या. त्या कपाटाचे ड्रॉवर दरवाज्याएवढे रुंद आणि हे जड. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "समीर, हा कोपरा जरा आत धरता का? दुमडतोय." त्याने हात घातला. मॅडमनी कमरेने ड्रॉवर ढकलला. आवाज आला, सुकी काटकी मोडल्यासारखा, आणि मग समीरचा आवाज आला, तो आख्ख्या कर्वेनगरने ऐकला असेल.

"अगंबाई, लागलं?" मॅडम म्हणाल्या, आणि ड्रॉवर लगेच उघडला नाही. आरामात उघडला. दोन बोटं निळी होत होती.

अभ्यंकर सर वरून धावत आले. समीरला रिक्षात घातलं, परत आले, कपाटाकडे बघितलं. "जगदाळेबाई, आपण ड्रॉवर जरा हळू लावत चला," ते म्हणाले. "असलं सागवान आता मिळत नाही." बास. एवढंच. समीरच्या जागी पुढच्या आठवड्यात दुसराच माणूस आला.

अश्विनी रडत होती. मॅडमनी तिच्या डोक्यात टपली मारली. "रडतीस काय? ड्रॉवर इथेच हाय. शिक वापरायला."

भुवईच्या व्रणाचं मी एकदा डबा खाताना विचारलं. मॅडम भाकरी आणि हिरवी मिरची खायच्या, मिरची मुळ्यासारखी कराकरा चावत. म्हणाल्या, "बाप." त्यांचे वडील तेलाच्या गिरणीच्या साइडिंगवर सांधेवाले होते, म्हणजे डबे कुठल्या रुळावर जाणार ते दांडा ओढून ठरवायचे. दारू पिऊन आले की घरात पण शंटिंग चालायचं. एकदा त्यांनी हातातल्या दांडक्याने मॅडमना मारलं, तेव्हा त्या दहावीत होत्या. भुवई फुटली. मॅडमनी कोपऱ्यातला सिग्नलचा लोखंडी कंदील उचलून त्यांच्या मनगटावर घातला. मनगट मोडलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्याने मारलं, मी मारलं. रात्री दोघं जेवलो. त्याचा हात चालत नव्हता, मी भरवलं." मिरचीचं देठ डब्याच्या झाकणात टाकलं. "परत उचलला नाही त्याने हात. दारू पण सुटली. आयटीआयला त्यानेच घातलं मला, ड्राफ्ट्समनला. आता अर्ध्या अंगावरून वारं गेलंय, पडून असतो. अजून तिथेच राहतो आम्ही, मालधक्क्याच्या मागे. गिरणी बंद झाली, रूळ उपटून नेले. आम्ही राहिलो."

हे त्या बोलत होत्या तेव्हा त्याच भागाचे नकाशे आमच्या टेबलांवर पडलेले होते. कोणाच्याच डोक्यात आलं नाही. जागा बघायची नाही ना!

आता ते शीट. कापडी होतं, कुठल्यातरी जुन्या इंग्रजी कंपनीच्या नावाचं. आडवा रूळ, त्याच्या खाली कारखान्याची हद्द, तिच्याही खाली ओढा. हद्द आणि ओढा यांच्यामध्ये एक अरुंद जागा सुटलेली होती, लांबच लांब. मी ती तशीच ठेवली. खुर्चीला लाथ बसली.

"ही फट कोणाची?"

"मॅडम, नकाशात पण जागा आहे तिथे."

"नकाशात डाग पण असतात. कापड आक्रसतं, रेषा सरकती." पट्टी माझ्या पेरांवर बसली, आणि मॅडमनी माझ्या कंप्युटरवरच ते काम संपवलं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. आपण अंतर सांगायचं, त्या अंतराच्या आतल्या रेषा ते आपोआप ओढून एकमेकींना चिकटवतं. डिलिव्हरी डोक्यावर आली होती. मॅडमनी अंतर वाढवलं आणि आख्ख्या नकाशावर एकदम चालवलं. हद्दीची रेषा सरकली आणि ओढ्याला जाऊन टेकली. "बघ, मिटली," मॅडम म्हणाल्या. आणि खरंच इतकं नीटनेटकं दिसत होतं सगळं!

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस मॅडम उशिरा आल्या. कधीच यायच्या नाहीत. हातात आमचाच नकाशा होता, रंगीत, लॅमिनेट केलेला, चारी कोपरे खिळ्यांवरून ओढून काढल्यासारखे फाटलेले. खाली आमच्या कंपनीचा शिक्का. त्यांच्या वस्तीत बिल्डरची माणसं घराघरावर हा ठोकून गेली होती. गिरणीची जमीन बिल्डरने घेतली होती, आणि नकाशाप्रमाणे गिरणीची हद्द थेट ओढ्यापर्यंत होती. म्हणजे वस्ती गिरणीच्या आत. उद्या सकाळी जेसीबी येणार, सामान काढून घ्या, असं तोंडी सांगून गेली होती.

"कोर्टात असला नकाशा कोण मानतं?" पराग म्हणाला.

"कोर्टात जातंय कोण? जेसीबीवाल्याला दाखवायला हाय तो," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी माझी खुर्ची ढकलली, पण हाताने, हळू. त्यांनी आमची फाइल उघडली, खाली ते कापडी शीट लावलं, आणि शीट फिरवलं. फिरवत फिरवत उत्तर दिशा वर आणली. मग बोट ठेवलं. "हा धक्का. हा ओढ्यावरचा पूल. हे..." बोट त्या अरुंद जागेवर होतं. वरती आमची नवी रेषा ओढ्याला चिकटलेली, तिथे काहीच नव्हतं.

मॅडम उठल्या. डावा हात टेबलावर पालथा ठेवला, उजव्या हाताने पट्टी काढली आणि उभी धरून, धारेच्या बाजूने, मारली. परत मारली. अश्विनी किंचाळली. परागने मागून त्यांचा दंड धरला, त्याला त्यांनी कोपराने असा उडवला की तो प्लॉटरवर पडला. पेरं फुटली होती, कीबोर्डवर रक्त. मग त्यांनी पट्टी ओढणीला पुसली, पर्समध्ये घातली आणि जिना चढून वर गेल्या.

वरचं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"जगदाळेबाई, डिलिव्हरी झालेली आहे. क्लायंटने सही केलेली आहे."

"नकाशा चुकलाय. माझ्या हाताने. दुरुस्त करून पाठवा."

"आपण रेषा काढतो. त्या रेषेचं कोण काय करतं, ते आपलं काम नव्हे. हे आपणच मुलांना शिकवता ना?"

पुढचा आवाज काचेचा होता. सरांच्या भिंतीवर एक फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं, मॅडमनी त्याच्यावर पेपरवेट मारला होता. मग मॅडम खाली, माझ्या जागेवर. हाताला मी माझा रुमाल बांधला. आणि त्यांनी ती हद्द परत काढली, सॉफ्टवेअरची सोय बंद करून, एकेक बिंदू, कापडावरच्या रेषेवरून. एवढ्या हळू काम करताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. फट उघडत गेली.

प्लॉटर सुरू झाला तेव्हा सर जिन्यात उभे होते. कपाळावर काचेचा ओरखडा. मला वाटलं आता मेन स्विच बंद करतील. ते बराच वेळ कागद बाहेर येताना बघत राहिले. "शाई जपून वापरा," म्हणाले आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पराग त्याच्या बाइकवर गेलो. मालधक्का म्हणजे नुसता दगडी ओटा उरला होता, त्यावर बकऱ्या. मागे पत्र्याची घरं, एका ओळीत, आगगाडीच्या डब्यांसारखी. ओढा काळा. आणि टोकाला पिवळा जेसीबी घरघरत उभा, सोबत टाइट टी-शर्टमधले दहाबारा जण. मॅडमच्या वडिलांना बाजेसकट बाहेर आणून ओट्यावर ठेवलं होतं.

मॅडमनी नकाशा उलगडला. त्यांच्यातला एक जण, गळ्यात साखळी, डोक्यावर गॉगल, पुढे आला. तो अगदी शांत होता.

"ताई, हा कोणी काढला?"

"मी."

"आणि आमच्याकडचा?" त्याने त्याचा लॅमिनेट केलेला वर धरला. "शिक्का एकच हाय की ओ."

"तो पण मीच. तो चुकलाय."

"म्हणजे काल खोटा काढला, आज खरा काढला. उद्या कसला काढताय?" बाकीचे हसले. "नोकरी करा ताई. बाजूला व्हा." आणि मॅडमच्या हातातला नकाशा त्याने घेतला आणि फाडला. उभा, मग आडवा.

मॅडमनी पट्टी काढली. यावेळी सपाट बाजू नव्हती. त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला.

मग काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, तुकडेच आठवतात. चौघांनी मॅडमना खाली पाडलं. कोणीतरी त्यांच्या डाव्या हातावर, त्याच फुटलेल्या हातावर, बूट ठेवून पूर्ण वजन टाकलं. पराग मध्ये घुसला, त्याचा चष्मा गेला, दात गेला. जेसीबीने पहिलं घर एका फटक्यात बसवलं, आतून भांड्यांचा खणखणाट आला आणि फडताळावरचे देव मातीत. दुसरं. तिसरं. ओट्यावरून मॅडमचे वडील ओरडत होते, शब्द कळत नव्हते, तोंड एका बाजूला ओढलेलं. आणि मग दगड सुरू झाले. रुळांखालची खडी होती ना, रूळ नेले पण खडी तिथेच होती, ढिगांनी. बायकांनी पदर भरून घेतली होती. मी पण मारले. हो, मारले! मी जन्मात कोणाला चिमटा काढला नव्हता. जेसीबीची काच फुटली, ड्रायव्हर कपाळ धरून उडी मारून पळाला, आणि मशीन चालूच राहिलं, हवेत हात वर करून.

पोलीस आले ते सगळं थांबल्यावर. मॅडमना व्हॅनमध्ये घातलं. हात लोंबत होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं, आज सुट्टी टाकलीस का?"

मॅडम कंपनीत परत आल्या नाहीत. पट्टी तर पोलिसांकडे जमा, मुद्देमाल. पुढचं मला परागकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. एवढ्या मारामारीने पेपरात बातमी आली, बातमीमुळे वकील आला, स्टे आला, आणि शेवटी सरकारी मोजणीवाले साखळी घेऊन आले. त्यांना ती जागा सापडली. गिरणीच्या हद्दीबाहेरची, जशी त्या कापडावर होती तशी. पडलेली घरं परत उभी राहिली नाहीत, ती माणसं कुठे मांजरी गावाकडे गेली म्हणे. उरलेली राहिली. मला हिंजवडीत नोकरी लागली, कंपनीची बस, गळ्यात कार्ड, सगळं. खुर्चीला कोणी लाथ मारत नाही. सुरुवातीला बरेच दिवस मी उगाच मागे वळून बघायचे.

मागच्या महिन्यात एका मीटिंगला गिरणीच्या जागेवर झालेल्या आयटी पार्कमध्ये जावं लागलं. कुठल्या पार्कमध्ये ते गेटवर पोचेपर्यंत मला कळलंच नाही, सगळं काचेचं. वरच्या मजल्यावरून खाली बघितलं तर कंपाउंडची भिंत. सरळ येते, सरळ येते, आणि ओढ्यापाशी येऊन अचानक आत वळते. जागा सोडून. त्या जागेत पत्र्याची एक ओळ.

समोर प्रेझेंटेशन चालू होतं आणि मी काचेला नाक लावून उभी.

मॅडम खाली होत्या. वेणी तशीच, बूट तेच असावेत. डावा हात पोटाशी धरलेला, बोटं मुडपलेली. समोर वडील, चाकाच्या खुर्चीत, आणि ऊन सरकून त्यांच्या तोंडावर आलं होतं. खुर्ची ढकलायला दोन हात लागतात. मॅडमनी एक पाऊल मागे घेतलं आणि खुर्चीला लाथ मारली. खुर्ची गडगडत गेली आणि भिंतीच्या त्या वळणाच्या सावलीत, अगदी बरोब्बर, जाऊन थांबली.

म्हाताऱ्याने चांगला हात वर केला, वळून काहीतरी ओरडला. काचेतून ऐकू येत नव्हतं. शिवीच असणार. मॅडम हसत होत्या.